आधाराचा पाय : फुटबॉलपटूचा समतोल आणि अंगभान

फुटबॉल हा पायांनी खेळावयाचा खेळ आहे, ही व्याख्या शाळेच्या पुस्तकापुरती ठीक आहे. मैदानाच्या कडेला बसून जरा बारकाईने पाहिले तर निराळेच दिसते. चेंडूशी ज्या क्षणी काही करावयाचे असते, त्या क्षणी खेळाडू बहुधा एकाच पायावर उभा असतो. पास द्यावयाचा, अंगावर आलेला चेंडू मारून थांबवावयाचा, हुलकावणी द्यावयाची, गोलवर फटका हाणावयाचा, सारे एका पायावर. एक पाय काम करतो आणि दुसरा सबंध शरीर तोलून धरतो. टाळ्या पहिल्याला मिळतात. प्रस्तुत लेख दुसऱ्याविषयी आहे. त्याला मी आधाराचा पाय म्हणतो.

मी मानसशास्त्राचा विद्यार्थी आणि आमच्या महाविद्यालयीन संघातला राखीव खेळाडू. राखीव खेळाडूला दुसरे काही मिळो न मिळो, पाहण्यास वेळ पुष्कळ मिळतो. त्यातून आमचे गाव कोल्हापूर. इथे पेठेपेठेचा संघ आहे आणि त्यांतल्या कित्येकांच्या नावात अजूनही 'तालीम' हा शब्द आहे : पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला म्हणजे दुपारच्या तासाला हजेरी किती लागते, हे आमच्या प्राध्यापकांना मी सांगावयास नको.

कडेला बसून पाहताना दोन प्रश्न मनात आले. पहिला असा की, दोन मुले एकाच मैदानावर, एकाच शिक्षकाच्या हाताखाली, तितकीच वर्षे खेळतात; तरी एकाची नजर सतत चेंडूला चिकटलेली असते आणि दुसरा मान वर करून सारे मैदान पाहत चेंडू नेतो, हे कसे? दुसरा प्रश्न आमच्या संघातल्या एका उत्तम विंगरविषयीचा आहे. त्याचा डावा घोटा मुरगळला. आंबेहळद-रक्तचंदनाचे लेप झाले, क्रेप बँडेज झाले, सूज उतरली, क्ष-किरण चित्रात हाड शाबूत निघाले. तीन आठवड्यांनी तो मैदानात उतरला आणि सपाट जमिनीवर, जवळपास कोणीही नसताना, तोच पाय पुन्हा मुरगळला. हाड शाबूत, सूज नाही, मग पाय दगा का देतो? वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की हे दोन प्रश्न फारसे वेगळे नाहीत.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये पाठ करतो. डोळे मिटून उजव्या हाताच्या तर्जनीने नाकाचा शेंडा शिवून पाहावा. बोट बरोबर नाकावर येते. हात कुठे आहे हे डोळ्यांनी पाहिले नाही, कानांनी ऐकले नाही, मग कळले कसे? सर चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०६ साली या जाणिवेला 'प्रोप्रिओसेप्शन' असे नाव दिले. (पुढे १९३२ साली त्यांना एडगर एड्रियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले, ते चेतापेशींच्या कार्यावरील संशोधनासाठी.) मराठीत यास निरनिराळे प्रतिशब्द सुचविले जातात, मी 'अंगभान' हा साधा शब्द वापरतो. भान हरपणे, भानावर येणे हे प्रयोग आपल्या तोंडी आहेतच.

या भानाची यंत्रणा मोठी कौतुकाची आहे. प्रत्येक स्नायूच्या आत सूत कातण्याच्या चातीसारख्या आकाराची सूक्ष्म इंद्रिये असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने ताणला गेला, ही बातमी ती मज्जारज्जूला पोचवितात. स्नायू जिथे हाडाला जोडला जातो त्या कंडरेत ओढ मोजणारी दुसरी इंद्रिये आहेत. सांध्यांभोवतीच्या अस्थिबंधांत आणि तळपायाच्या कातडीत आणखी काही आहेत. आंतरकर्णातील एकमेकींशी काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके कोणत्या दिशेला वळले ते सांगतात, आणि त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्या डोके किती कलले ते सांगतात. या सर्व बातम्या आणि डोळ्यांनी पाहिलेले दृश्य यांचा मेळ मेंदू घालतो. त्यात लहान मेंदूचा वाटा मोठा. माणूस उभा राहतो तो या तीन आधारांवर : डोळे, कान आणि अंगभान.

वाचकांनी हा अंक क्षणभर खाली ठेवून एक गोष्ट करून पाहावी. हाताची घडी घालून एका पायावर उभे राहावे. हे सोपे आहे. आता डोळे मिटावे. घोट्याजवळचे स्नायू एकाएकी थरथरू लागतात, हात सुटतात, आणि थोड्याच वेळात दुसरा पाय जमिनीवर टेकतो. (आमच्या वर्गात हे करून पाहिले तेव्हा एक सर बाकाला धरूनच उभे राहिले. वय हाही एक घटक आहे.) डोळे मिटून समतोल तपासण्याची ही युक्ती जुनीच आहे. जर्मन वैद्य रोमबर्ग यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून डॉक्टर ती वापरीत आले आहेत. त्यांच्या तपासणीत रोगी दोन्ही पाय जुळवून उभा राहतो. आपण समतोल राखताना डोळ्यांवर किती विसंबून असतो, हे डोळे मिटल्यावरच कळते.

आता फुटबॉलकडे वळू. खेळाडूचे डोळे जर त्याला उभे ठेवण्याच्या कामात गुंतलेले असतील, तर सहकारी कुठे आहे, गोलरक्षक किती पुढे आला आहे, हे कोण पाहणार? फ्रान्समधील थिएरी पायार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली नेमका हाच मुद्दा तपासला. राष्ट्रीय पातळीवरचे १५ आणि प्रादेशिक पातळीवरचे १५ खेळाडू त्यांनी घेतले आणि त्यांना आधाराच्या पायावर, दाब मोजणाऱ्या फळीवर उभे केले. पायाखालचा दाबाचा मध्यबिंदू जितका भटकतो तितका समतोल कच्चा, असा हिशेब. राष्ट्रीय खेळाडू अधिक स्थिर निघाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात पायार यांनी व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंची तुलना डोळे उघडे ठेवून व मिटवून केली. व्यावसायिक खेळाडू अधिक स्थिर तर होतेच, पण समतोलासाठी ते डोळ्यांवर कमी विसंबून होते. संशोधकांचे म्हणणे असे की, त्यामुळे त्यांची नजर खेळ पाहण्यास मोकळी राहते.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे बरेचसे मिळाले. मान वर करून खेळणारा मुलगा धीट किंवा हुशार असतो म्हणून मान वर करतो, असे आपण समजतो. प्रत्यक्षात त्याच्या पायांना त्याच्या डोळ्यांची गरज उरलेली नसते.

इथे एक शंका घेतलीच पाहिजे. वर्षानुवर्षे खेळून समतोल सुधारतो, की ज्यांचा समतोल मुळात चांगला तेच वरच्या पातळीवर पोचतात? दोन गटांची एका दिवशी तुलना करून याचा निकाल लागत नाही. तर्कशास्त्राच्या तासाला आपण जे शिकतो ते इथे विसरून चालणार नाही. दुसरे असे की, समतोल ही शरीरात साठवलेली एकच एक शक्ती नव्हे. अलीकडच्या अभ्यासांचा कल असा दिसतो की, डगमगत्या फळीवर उभे राहण्याचा सराव केला की मुख्यतः त्या फळीवर उभे राहणे सुधारते. मल्लखांबावर लीलया उलटा होणारा मुलगा चेंडू पायात आल्यावर गडबडतो, हे आपणही पाहिलेले असते. ज्या कामाचा समतोल हवा, त्या कामातच तो घडवावा लागतो.

नवशिका खेळाडू कसा दिसतो ते आठवा. गुडघा ताठ, घोटा ताठ, खांदे वर उचललेले, मुठी आवळलेल्या. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी याचे मार्मिक विवरण केले आहे. शरीराला असंख्य सांधे आहेत आणि प्रत्येक सांधा निरनिराळ्या दिशांनी हलू शकतो. नवशिक्याला इतक्या मोकळिकीचा बंदोबस्त करता येत नाही, म्हणून तो कित्येक सांधे गोठवून टाकतो. सराव वाढतो तसतसे सांधे एकेक करून मोकळे होतात. चांगल्या खेळाडूचा आधाराचा पाय पाहावा : गुडघा किंचित वाकलेला, घोटा सैल पण जागा. हा सैलपणा पाहून प्रेक्षकांस वाटते की याला काही कष्टच पडत नाहीत. २०१४ साली जपानमधील एईची नाइतो आणि सातोशी हिरोसे यांनी ब्राझीलच्या नेमारच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा पाऊल फिरवताना त्याच्या मेंदूतील पायाशी संबंधित भाग इतरांपेक्षा कमी प्रमाणात सक्रिय झालेला दिसला. एका माणसावरून नियम काढू नये हे खरे, परंतु चित्र बोलके आहे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या मैदानावरच्या ओरडण्याशी निगडित आहे. 'अंगभान' या शब्दात दोन निराळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. शरीराला स्वतःचे असलेले भान ही एक, आणि मनाने शरीराकडे मुद्दाम लक्ष देणे ही दुसरी. आपण या दोहोंची गल्लत करतो. अमेरिकेतील सायन बाइलॉक यांनी सहकाऱ्यांसह २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात अनुभवी आणि नवशिक्या खेळाडूंना खुणांच्या शंकूंमधून नागमोडी चेंडू न्यावयास सांगितले. एका फेरीत त्यांना काही शब्द ऐकवले जात आणि ठराविक शब्द आला की तो उच्चारावयाचा, म्हणजे लक्ष पायांवरून दुसरीकडे. दुसऱ्या फेरीत आवाज होताच, चेंडूला पायाची कोणती बाजू लागली ते सांगावयाचे, म्हणजे लक्ष पायाकडे. नवशिक्यांनी पायाकडे लक्ष दिले तेव्हा चेंडू अधिक वेगाने नेला. अनुभवी खेळाडूंचे नेमके उलटे : पायाकडे लक्ष देताच ते मंदावले. आणि गंमत पुढेच आहे. त्याच अनुभवी खेळाडूंना डाव्या, म्हणजे कमी सरावाच्या पायाने खेळावयास लावले, तेव्हा ते नवशिक्यांसारखेच वागले; पायाकडे लक्ष दिल्याने त्यांचा फायदा झाला.

याचा अर्थ, एकच खेळाडू उजव्या पायाने पदवीधर आणि डाव्या पायाने पहिलीतला विद्यार्थी असू शकतो. पातळी माणसाची ठरवावयाची नसून पायाची ठरवावी लागते! आमच्याकडे कडेवरून "पायाकडं बघ की लेका!" अशी आरोळी सर्रास दिली जाते. ती नवशिक्यासाठी रास्त आहे. पक्क्या खेळाडूला ती देणे म्हणजे जिना उतरणाऱ्या माणसाला मध्येच पायऱ्या मोजावयास सांगणे होय. प्रशिक्षकाने आरोळी मारण्यापूर्वी, कोणत्या पायाला मारतो आहोत एवढे तरी पाहावे.

डोळ्यांवाचून फुटबॉल किती खेळता येतो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे अंधांचा फुटबॉल. २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकपासून तो तिथे खेळला जातो. चेंडूत खुळखुळा असतो, मैदानातल्या सर्व खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्टी असते आणि गोलरक्षक तेवढा डोळस असतो. पहिल्या पाचही स्पर्धांत सुवर्णपदक ब्राझीलने घेतले; २०२४ साली पॅरिसला ते फ्रान्सकडे गेले. चेंडू कुठे आहे हे ते कानांनी ओळखतात, परंतु वळताना, हुलकावणी देताना, एका पायावर थांबून फटका मारताना त्यांना तोलून धरणारे असते ते अंगभान आणि आंतरकर्ण. ब्राझीलचाच गरिंचा हा डोळस खेळाडू १९५८ आणि १९६२ च्या विश्वविजेत्या संघांत होता. त्याचे दोन्ही पाय जन्मतःच वाकडे होते आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड होता. पुस्तकातल्या सरळ पायांचा समतोल त्याला उपयोगाचा नव्हता. त्याने आपल्या वाकड्या पायांचा समतोल साधला आणि समोरचा बचावपटू त्याच्या शरीराचा अंदाज बांधता बांधता मागे पडला.

तळपायाच्या कातडीचा उल्लेख वर आलाच आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या संघातले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे थोडक्यात हरले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने १०-१ असे हरविल्यावर बुटांचा आग्रह सुरू झाला. अनवाणी पायाला जमिनीची बातमी अधिक स्पष्ट मिळत असेल, पण गारठलेल्या आणि तुडवल्या जाणाऱ्या पायाला त्याचा काय उपयोग? बूट हवेतच. मात्र लहान मुलांनी सुरुवातीला तालमीच्या मऊ मातीत अनवाणी थोडे खेळावे, असे माझे मत आहे. कुस्तीगीर समोरच्याचे वजन कोणत्या पायावर सरकले हे पकडीतूनच ओळखतो, त्याला खाली पाहावे लागत नाही. पेठेतल्या तालमींनी मातीचा हौद आणि फुटबॉल दोन्ही सांभाळले, तेव्हा हा धडा शेजारीच उपलब्ध आहे.

आता दुसरा प्रश्न, मुरगळलेल्या घोट्याचा. पाय आतल्या बाजूस वळतो आणि घोट्याच्या बाहेरचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात. १९६५ साली इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार मांडला की, अस्थिबंधाबरोबर त्यातील बातमी देणारी इंद्रियेही जखमी होतात. दोरी पुन्हा सांधली जाते, पण दोरीबरोबर जाणारी तार तुटलेलीच राहते. त्यांनी अशा रोग्यांना डगमगत्या फळीवर उभे राहण्याचा व्यायाम दिला आणि घोटा दगा देण्याची तक्रार कमी झाली. त्या मूळ कल्पनेत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या. दोष केवळ घोट्यातल्या इंद्रियांत नसून मज्जारज्जू आणि मेंदूच्या हुकमांतही असतो, असे आज मानतात. पण एक गोष्ट पक्की आहे : ज्याचा घोटा एकदा मुरगळला, त्याचा तो पुन्हा मुरगळण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त. पाऊल वाकडे पडल्यावर स्नायूने सावरावे म्हटले तर वेळ पुरत नाही. पाऊल टेकण्यापूर्वीच स्नायू सज्ज असावा लागतो, आणि सज्ज होण्यासाठी पाय कुठे आहे हे ठाऊक असावे लागते.

आमच्या विंगरचे हेच झाले. बाइलॉक यांच्या भाषेत नव्हे, माझ्या भाषेत सांगावयाचे तर, दुखापतीने त्याचा डावा पाय वरच्या वर्गातून खालच्या वर्गात ढकलला होता आणि तो मात्र वरच्या वर्गाची परीक्षा द्यावयास गेला.

अशा व्यायामाचा उपयोग किती, याविषयी पुरावा एकसुरी नाही, हेही नमूद केले पाहिजे. स्वीडनमध्ये ट्रॉप आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखविले की, पूर्वी घोटा दुखावलेल्या फुटबॉलपटूंना फळीवरच्या सरावाचा फायदा होतो. इटलीत काराफा यांनी ४० संघांतील ६०० खेळाडूंवर तीन हंगाम लक्ष ठेवले आणि समतोलाचा सराव करणाऱ्यांत गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण खूपच कमी आढळले. हे १९९६ साली प्रसिद्ध झाले, मात्र गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. उलट, स्वीडनमध्येच २००० साली महिला खेळाडूंवरील अभ्यासात नुसत्या फळीच्या सरावाने दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणजे फळी हा काही ताईत नव्हे. पळणे, उडी मारून नीट उतरणे, मांड्यांची ताकद आणि समतोल यांची सांगड घातली की फळ मिळते. फिफाने तयार केलेली, 'इलेव्हन प्लस' म्हणून ओळखली जाणारी वीस मिनिटांची पूर्वतयारी अशीच आहे. २००८ साली नॉर्वेतील १२५ क्लबांमधील १८९२ मुलींवर ती तपासली गेली आणि एकूण तसेच गंभीर दुखापती कमी झाल्या. तिला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. लागतो तो चेंडू, जोडीदार आणि सामन्यापूर्वी गप्पांत घालविली जाणारी वीस मिनिटे.

त्यातला समतोलाचा भाग तीन पायऱ्यांचा आहे. प्रथम चेंडू हातात धरून, गुडघा किंचित वाकवून, एका पायावर उभे राहावयाचे. गुडघा आत झुकू द्यावयाचा नाही. ते जमले की जोडीदाराशी चेंडूची फेकाफेक एका पायावर उभे राहूनच. तेही जमले की एकमेकांना हलकेच ढकलून तोल घालविण्याचा प्रयत्न करावयाचा. पायऱ्यांचा क्रम पाहिला तर लक्षात येते की, दुसऱ्या पायरीपासून डोळे आणि मन पायावरून काढून घेतले जातात. पाय स्वतःच्या भानावर सोडला जातो.

दुखापतीनंतर मैदानात केव्हा उतरावे, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. मी एवढेच सुचवितो की, सूज उतरली म्हणून निर्णय घेऊ नये. भिंतीजवळ उभे राहून आधी चांगल्या पायावर आणि मग दुखावलेल्या पायावर डोळे मिटून उभे राहून पाहावे, आणि दोहोंत ठळक फरक असेल तर तो डॉक्टरांना सांगावा. आमचा विंगर सध्या घराच्या सोप्यात रोज संध्याकाळी डाव्या पायावर उभा राहतो. धाकटी बहीण त्याच्याकडे चेंडू फेकते, आणि तो चुकला की मोठ्याने आकडा मोजते. परवा मी गेलो तेव्हा ती कंटाळली होती, कारण बराच वेळ तिला काही मोजावयास मिळाले नव्हते.